गच्चीवरच्या मिरचीचा धंदा

निशा : आत्या, यंदा गच्चीवर बारा जातींच्या मिरच्या लागल्यात. हाबानेरो, भूत जोलोकिया, गोव्याची खोला, आपली लवंगी... ऑफिसातले लोक मागून मागून नेतात. आता सॉस करून बाटल्या विकाव्यात असं मनात आहे. सुरुवात कुठून करू?

आत्या : बारा कशाला? तीन ठेव.

निशा : अगं, बारा जाती हीच तर गंमत आहे!

आत्या : तुला गंमत. गिऱ्हाइकाला गेल्या महिन्यात नेलेलीच चव या महिन्यात हवी असते. हौसेला नवलाई लागते, धंद्याला सारखेपणा. आमच्या गडहिंग्लजच्या बाजारात जवारी संकेश्वरी यायला लागली की जाणती माणसं पोत्यात हात घालून तळातली मूठभर वर काढतात, एखादी मोडतात, नाकाशी नेतात. त्यांना गेल्या वर्षीसारखाच मसाला करायचा असतो. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, तिखटाला लवंगी नाहीतर गुंटूर. घराघराचं प्रमाण ठरलेलं असतं. आता तेही अवघड होत चाललंय. भाव चढला की कुठलीही लांब मिरची संकेश्वरी म्हणून गळ्यात मारतात. मला एकानं असंच पोतं दिलं. घरी येऊन देठ खुडायला बसले तर मिरचीला वासच नाही! पूड विकणारे काही तर सुदानसारखा बंदी असलेला रंग मिसळतात. लोकांच्या पोटात जाणारी वस्तू आहे, एवढंही भान नाही.

निशा : मला तीच भीती वाटते. माझ्या बाटलीतलं खाऊन कुणाला काही झालं तर?

आत्या : ते सांगते. आधी बियाणं. तू दरवर्षी बी कुठून घेतेस?

निशा : आपल्याच मिरच्यांचं ठेवते.

आत्या : बारा जाती शेजारीशेजारी लावून? मिरचीचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर फळतं, पण मधमाशी या फुलावरून त्या फुलावर जातेच. लवंगीशेजारी भोपळी मिरची असली तरी यंदाची लवंगी नेहमीसारखीच तिखट लागते. फरक दिसतो तो तिच्या बीपासून पुढच्या वर्षी आलेल्या झाडात. म्हणून कळ्या उमलायच्या आधी फांदीला पातळ जाळीची पिशवी बांधायची. सकाळी फांदीला हलकी टिचकी मारायची, म्हणजे पराग झडतो. फळ धरलं की पिशवी काढून त्याच देठाला रंगीत दोरा बांधायचा. दोऱ्याची मिरची स्वयंपाकात जायची नाही. झाडावरच पुरती पिकू द्यायची. आणि पानं आकसून बोकड्या पडलेल्या झाडाचं बी कधी धरायचं नाही, मग त्याला कितीही मिरच्या लागोत.

निशा : एवढं सगळं एका सॉससाठी?

आत्या : टॅबॅस्कोवाल्यांकडे बघ. अमेरिकेतल्या लुईझियानात एव्हरी बेटावर एडमंड मॅकिलेनी यानं १८६८ मध्ये तो सॉस विकायला काढला. मूळचा बँकेतला माणूस, मिरची बागेतली. आज त्यांची मिरची इतर देशांत पिकते, पण बियाणं अजून त्या बेटावरच्या झाडांचं निवडतात. आणि तोडणाऱ्यांना लाल रंगाची एक छोटी काडी द्यायची रीत आहे. मिरची काडीशी धरून बघायची, रंग जुळला तरच तोडायची. याला म्हणतात सारखेपणा.

निशा : पण हल्ली लोकांना तिखटाचा आकडा हवा असतो, आत्या. अमेरिकेतल्या एड करीच्या कॅरोलिना रीपरनं २०१३ मध्ये विक्रम केला. मग २०२३ मध्ये त्याच्याच पेपर एक्सनं तो मोडला. २६ लाख ९३ हजार स्कोव्हिल!

आत्या : हा आकड्यांचा नाद मला मुळीच पटत नाही. स्कोव्हिलनं १९१२ मध्ये ही मोजणी काढली तेव्हा मिरचीचा अर्क साखरपाण्यात पातळ करत न्यायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं झालं की थांबायचं, एवढंच होतं. आता यंत्रानं मोजतात. आकडा बघून माणूस एक बाटली घेतो, मित्रांत पैज लावतो, आणि उरलेली वर्षभर फ्रिजच्या दारात पडून राहते. तुला दुसरी बाटली विकायची आहे. भाकरीबरोबर रोज खाता येईल असं कर. तिखट कमी हवं तर मिरचीच्या आतली पांढरी शीर काढ. खरा जाळ तिथं असतो, बियांत नाही. आणि जोलोकिया चिरताना हातमोजे घाल, खिडक्या उघड्या ठेव. हात भाजले तर नुसतं पाणी उपयोगाचं नाही. आधी तेल चोळायचं, मग साबण.

निशा : हे बघ, पुन्हा तेच. मला हातमोजे माहीत आहेत, पण बाटली घेणाऱ्याला काय? त्याच्या घरात लहान मूल असेल तर?

आत्या : लेबलवर मोठ्या अक्षरात लिही. त्याशिवाय घटक, वजन, तारीख, किंमत, हिरवा ठिपका हे आलंच. अन्नसुरक्षेची नोंदणी घरच्या स्वयंपाकघरालाही लागते. ती कर आणि नंबर छाप. आता किमतीचं...

निशा : किमतीचं बघू गं. सॉस आतून बिघडला आणि मला कळलंच नाही तर?

आत्या : बरं, तुझा जीव तिथंच अडकलाय तर तेच आधी घेऊ. सॉस आंबट किती, यावर सगळं आहे. पीएच ४.६ च्या खाली असेल तर बोट्युलिझमचे जंतू त्यात वाढत नाहीत. तू चारच्या खालीच ठेव. व्हिनेगर घाल, लिंबू घाल, नाहीतर मिरची मिठात आंबव. मीठ मिरचीच्या वजनाच्या दोन-तीन टक्के, आणि मिरची खाऱ्या पाण्याखाली बुडालेली राहिली पाहिजे. कागदाच्या पट्टीवर विसंबू नकोस. लाल सॉसचा रंग पट्टीला लागतो. पीएच मीटर घे, आणि दर वेळी ४ आणि ७ च्या द्रावणात तपासून मगच वापर.

निशा : आणि मीटर बरोबर असूनही काही झालं तर?

आत्या : म्हणून वही. प्रत्येक घाण्याला नंबर. मिरची कुठल्या झाडांची, मीठ किती, पीएच किती, भरलं कधी. तोच नंबर बाटलीवर. आणि दर घाण्यातली एक बाटली घरी ठेवायची. तक्रार आली की ती उघडून बघायची, गरज पडली तर त्या नंबरच्या सगळ्या बाटल्या परत बोलवायच्या. भीती वाटते ते चांगलंच आहे. ज्याला वाटत नाही त्याच्या हातचं मी खाणार नाही.

निशा : आता जरा बरं वाटलं. किमतीचं काय म्हणत होतीस?

आत्या : पूड करू नकोस. चार किलो ओली लाल मिरची वाळवली की जेमतेम किलोभर उरते, आणि शेतकऱ्याच्या मालापुढे तुझ्या कुंड्या टिकायच्या नाहीत. सॉसची किंमत लावताना बाटली, लेबल, गॅस आणि तुझे तास धर. बायकांच्या हातचं म्हटलं की तास कुणी धरतच नाही, सगळ्यांना घरचं म्हणून स्वस्तात हवं असतं. आणि रोपं विक. हाबानेरो-जोलोकियाचं बी रुजायलाच दोन ते चार आठवडे घेतं, ऊबही लागते. एवढा धीर लोकांना नसतो, तुला आहे. पावसाळ्याच्या तोंडाला वीतभर रोपं तयार ठेव.

निशा : मग तीन जाती कुठल्या? लवंगी, खोला आणि हाबानेरो?

आत्या : चालेल. बाकीच्या नऊ तुझ्या हौसेला.

निशा : सॉस तीन, रोपं, आणि माझी खास वस्तू. लसूण आणि ओली मिरची तेलात बुडवून, कच्चीच. आपल्या आजीच्या लोणच्यासारखी.

आत्या : आजीच्या लोणच्यात मीठ आणि लिंबू किती असायचं आठवतंय ना? नुसत्या तेलाखाली हवा पोचत नाही, आंबटपणा नाही, ओल मात्र आहे. बोट्युलिझमच्या जंतूंना नेमकं हेच लागतं. आणि विष तयार झालं तरी वास बदलत नाही की चव.

निशा : सगळ्यांना तीच सगळ्यात जास्त आवडेल असं मला वाटत होतं.

आत्या : असेल. घरी कर, फ्रिजात ठेव, दोन-तीन दिवसांत संपव. विकायच्या यादीतून मात्र आत्ताच काढ.

निशा : काढली.