खरेदीखताच्या दिवशीचा खर्च : इसार देण्यापूर्वी करावयाचा हिशेब

निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून घर घेऊ पाहणारा शिक्षक असो की कर्ज काढून शहरात सदनिका घेणारा कर्मचारी असो, बहुतेकांच्या मनात एकच आकडा असतो. तो म्हणजे विकणाऱ्याशी ठरलेली किंमत. तिची जुळवाजुळव होते, इसार दिला जातो आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावयाच्या सुमारास आणखी दोन-तीन लाख रुपये लागणार असल्याचे कळते. अशा वेळी नोटरीपुढील साठेखतावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर भागवून घ्यावे, खरेदीखत पुढे सवडीने करावे, असे सुचविणारे हितचिंतक हमखास भेटतात.

या सूचनेतील धोका फार मोठा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ अन्वये १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या घराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते. साठेखत हा पुढे विक्री करण्याचा करार होय. केवळ त्यामुळे मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही, असे त्याच कलमात स्पष्ट केलेले आहे. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे होणाऱ्या तथाकथित विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. म्हणजे पूर्ण किंमत मोजून व घरात राहावयास जाऊनही खरेदीदार कायद्याने मालक ठरत नाही. विकणाऱ्याच्या पश्चात त्याच्या वारसांनी हरकत घेतली की हे प्रथम ध्यानात येते.

खर्चाची सर्वांत मोठी बाब मुद्रांक शुल्काची. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८ नुसार, वेगळा करार नसल्यास, खरेदीखतावरील शुल्क खरेदीदाराने भरावयाचे असते. ते कोणत्या रकमेवर आकारले जाते याविषयी मात्र पुष्कळ गैरसमज आहेत. दस्तात लिहिलेली किंमत आणि शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार येणारे बाजारमूल्य यांपैकी जी रक्कम अधिक असेल, तिच्यावर शुल्क द्यावे लागते. हे तक्ते शीघ्र सिद्धगणक या नावाने परिचित आहेत. दस्तात किंमत कमी दाखविल्याने शुल्क वाचते ही समजूत त्यामुळे निराधार आहे. शिवाय उरलेली रक्कम दिल्याचा पुरावा हाती राहत नाही, तो तोटा वेगळाच.

एक उदाहरण घेऊ. मुंबईच्या हद्दीतील एका जुन्या सदनिकेची किंमत ४० लाख रुपये ठरली असून तक्त्यानुसार तिचे मूल्य ४२ लाख रुपये येते. मेट्रो अधिभारासह ६ टक्के दराने मुद्रांक शुल्क २,५२,००० रुपये होईल. नोंदणी फी मूल्याच्या १ टक्का, परंतु कमाल ३०,००० रुपये असल्याने ती ३०,००० रुपयेच पडेल. दोन्ही मिळून २,८२,००० रुपये झाले. १ एप्रिल २०२१ पासून निवासी घराची खरेदी केवळ महिलेच्या किंवा महिलांच्या नावे असल्यास शुल्कात १ टक्का सवलत आहे. ती घेतल्यास या व्यवहारात ४२,००० रुपये वाचतील. महानगरपालिका, नगरपालिका व ग्रामपंचायत क्षेत्रांत दर आणि अधिभार निरनिराळे असल्याने आपल्या गावचा दर दुय्यम निबंधकाकडूनच जाणून घेणे श्रेयस्कर होय.

सदनिका सहकारी गृहनिर्माण संस्थेत असेल तर हस्तांतरणाचा खर्च येतो. शासनाच्या २००१ मधील परिपत्रकानुसार महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य २५,००० रुपयांहून अधिक घेता येत नाही. ‘ऐच्छिक देणगी’च्या नावाखाली याहून मोठी रक्कम मागितली जाते; सभासदाने ती देण्याचे कारण नाही. वकिलाची फी, मागील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध, कर्ज असल्यास बँकेचे आकार व दलाली हे खर्च आधी विचारून लिहून ठेवावेत. बांधकाम चालू असलेल्या घरावर वस्तू व सेवा कर लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर तो लागत नाही.

विकणाऱ्यासही हिशेब चुकलेला नाही. विक्रीच्या तारखेपर्यंतचा घरपट्टीसारखा सार्वजनिक कर, वेगळा करार नसल्यास, त्यानेच चुकता करावयाचा असतो. किंमत ५० लाख रुपये किंवा अधिक असल्यास खरेदीदार १ टक्का आयकर कापून शासनाकडे भरतो. ही रक्कम विकणाऱ्याच्या नावे जमा होत असली, तरी प्रत्यक्ष हाती तेवढी कमी पडते. तिच्या भरवशावर दुसऱ्या घराचा इसार देणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

गावठाणातील घराच्या बाबतीत ग्रामपंचायतीच्या सदस्यांकडे लोक विचारणा करतात. नमुना ८ चा उतारा कर आकारणीसाठी असतो. मालकी ठरविण्यास तो पुरेसा नाही. नावात बदल मागणाऱ्यास प्रथम नोंदणीकृत खरेदीखत विचारावे, आणि भूमापन झालेल्या गावी मिळकत पत्रिकाही पाहावी.

दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर करावा लागतो. त्यानंतर आणखी चार महिन्यांपर्यंत, अपरिहार्य कारणाने विलंब झाला असल्यास, नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड भरून तो स्वीकारला जाऊ शकतो. नोंदणी झाल्यावर मूळ दस्त व सूची क्रमांक दोनचा उतारा ताब्यात घ्यावा, आणि मिळकत पत्रिका, घरपट्टी, वीजजोडणी व संस्थेचे भागपत्र यांवर नाव लावण्याचे अर्ज लागलीच द्यावेत.