मूल सांभाळण्याचें काम मागावयास जातांना

शिक्षण संपल्यावर परक्या घरीं मूल सांभाळण्याचें काम पतकरणाऱ्या मुली मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पुष्कळ आहेत. असें काम करणारीस आपण ‘आया’ म्हणतों. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांपासून आला. या कामाचें रीतसर शिक्षण देणारी नॉर्लंड ही संस्था एमिली वॉर्ड नांवाच्या बाईंनीं लंडन येथें 1892 सालींच काढिली. तथापि हें काम कोणासही आपोआप येतें, अशी समजूत आमच्या लोकांत अद्यापि दृढ आहे. त्यामुळें पहिल्या भेटीच्या वेळीं कसें वागावें, याचा विचार जाणारीही करीत नाहीं व बोलावणारेही करीत नाहींत.

कचेरींतील मुलाखत निराळी. येथें आपण कोणाच्या तरी राहत्या घरांत पाऊल टाकितों आणि त्या घराचें वेळापत्रक बहुधा तान्ह्या मुलाच्या हातीं असतें. म्हणून केव्हां यावें हें आधीं फोनवर विचारून घ्यावें. मूल नुकतेंच निजलें असतां दाराची घंटा वाजविणारीचें स्वागत कसें होईल, हें सांगावयास नकोच! सर्दी-खोकला असल्यास तसें कळवून भेट पुढें ढकलावी. पत्ता आपल्या घरीं लिहून ठेवावा व पहिल्या खेपेस वडील माणूस सोबत न्यावें. सोबत आणल्याचा ज्यांस राग येतो, त्यांच्या घरीं नोकरी न धरलेलीच बरी.

पोशाख साधा व धुतलेला असावा. नखें कापलेलीं असावीं. टोंचणाऱ्या पिना, लोंबतीं कर्णफुलें व उग्र अत्तर हीं घरींच ठेवावीं.

खरी परीक्षा मुलाच्या भेटींत होते. पुष्कळ मुली आईवर छाप पाडण्यासाठीं आंत येतांच मूल उचलून घेतात, तें किंचाळूं लागतें, आणि सर्वांचीच पंचाईत होते. सुमारें आठ महिन्यांचें मूल अनोळखी चेहऱ्यास भिऊं लागतें. त्यांत ना मुलाचा दोष, ना मुलीचा. चपला बाहेर काढाव्या, हात धुण्याची परवानगी मागावी, घरांतील वडील माणसांस नमस्कार करावा, आणि मग मुलापासून थोडें दूर, त्याच्या उंचीस येईल असें बसावें. त्याच्याकडे टक लावून पाहूं नये. थोड्या वेळानें तें आपण होऊन जवळ येतें. न आलें तरी धीर धरणारी मुलगी आईच्या लक्षांत राहते. विचारल्यावांचून त्याच्या तोंडीं खाऊ घालूं नये व त्याचें छायाचित्र मोबाइलवर काढूं नये.

बोलण्यांत आड-पडदा नसावा. मूल काय खातें, काय सोसत नाहीं, केव्हां निजतें, आई व आजी यांचें मत भिन्न पडल्यास कोणाचें ऐकावें, हें सारें विचारावें. पगार, सुटी, कामाचे तास, धुणीं-भांडीं याच कामांत धरलीं आहेत कीं काय, हें विचारण्यांत कांहीं उद्धटपणा नाहीं. तें न विचारल्यानेंच पुढें कुरबुरी होतात. मागच्या घरच्या गोष्टी मात्र सांगूं नयेत. ऐकणारीच्या मनांत तत्काळ येतें कीं, उद्यां आमच्याही गोष्टी अशाच बाहेर जातील.

आतां पालकांस दोन शब्द. आलेल्या मुलीस उभी ठेवूं नये, खालीं बसवूं नये. पाणी व चहा घरांतील कपबशींतूनच द्यावा. कित्येक सुशिक्षित घरीं नोकरांसाठीं फुटक्या कानाचा कप वेगळा ठेवितात, आणि आपलें लाडकें मूल मात्र त्याच हातांत निःशंक देतात! जात विचारणें, तिच्यादेखत इंग्रजींत तिच्याविषयीं बोलणें, हेंही तितकेंच अशोभनीय होय. चौदा वर्षांखालील मुलीस घरकामास ठेवणें तर 2006 सालापासून कायद्यानेंच निषिद्ध आहे.

निरोप घेतांना उत्तर कोणत्या दिवशीं मिळेल, हें विचारून घ्यावें. नकार असला तरी पालकांनीं तो त्या दिवशीं कळवावा. आणि दुसरीकडे काम मिळालें असल्यास मुलीनेंही फोन करून तसें सांगावें, म्हणजे तिची वाट पाहत कोणी बसणार नाहीं.