ज्ञानाची सनद आणि आपला मोबाइल



समजा, उल्हासनगरच्या एका शिक्षिकेने रात्री जागून मुलांसाठी सचित्र पाठ तयार केला. मोबाइलवरून तो अंबरनाथला पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी बदलापूरच्या मकतबमध्ये दाखविला गेला. या प्रवासात तिचे नाव गळाले. आयतीखालील मराठी अनुवाद कोणाचा, हदीस कोणत्या ग्रंथातील, हेही पुसले गेले. मुलाने विचारले, "हे कुठे लिहिले आहे?" तर आपण काय सांगणार?

कुरआनचा अरबी मजकूर ही अल्लाहची वाणी आहे; मराठी शब्द मात्र अनुवादकाचे आहेत. मुहम्मद शफी अन्सारी यांचा मराठी अनुवाद आज मोबाइलवरही वाचता येतो. असा अनुवाद नावाविना वापरला, तर एका माणसाच्या श्रमाचा हक्क बुडतो. शिवाय मानवी शब्दांनाच मुले अल्लाहचे शब्द समजू लागतात. दुसरी हानी अधिक गंभीर आहे.

आपल्या पूर्वसूरींनी हा धोका ओळखला होता. कोणी कोणाकडून ऐकले, ही साखळी म्हणजे सनद. हजरत अब्दुल्लाह बिन मुबारक (रह.) सनदीला दीनचाच भाग मानीत. त्यांचे हे मत इमाम मुस्लिम (रह.) यांनी आपल्या 'सहीह'च्या प्रस्तावनेत सनदीसह नोंदविले, म्हणूनच ते आपल्यापर्यंत पोहोचले. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे माणसाला खोटे ठरवण्यास पुरेसे आहे, या आशयाची हदीसही तेथेच आहे. सूरह आले इमरानच्या १८८ व्या आयतीत, न केलेल्या कामाची प्रशंसा आपल्याला मिळावी असे वाटणाऱ्यांना कठोर ताकीद आहे.

म्हणून पाठाच्या शेवटी चार ओळी अवश्य लिहा: सूरह व आयत क्रमांक, अनुवादकाचे नाव, हदीसचा ग्रंथ व क्रमांक, आणि पाठ किंवा चित्र कोणाचे. कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली असेल, तर तेही सांगा. तिने दिलेला हदीस क्रमांक चुकीचा असू शकतो. मूळ ग्रंथ उघडून खात्री केल्याशिवाय तो फळ्यावर लिहू नका. मूळ स्रोत सापडला नाही, तर "मला ठाऊक नाही" असे म्हणण्यात शिक्षकाला कमीपणा नाही.

ज्ञान ही अमानत आहे. ती ज्याची आहे त्याच्या नावासह पुढील हाती सोपविण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.