लिनक्सवर हार्डडिस्क उघडत नाही? 'फॉरमॅट' दाबण्याआधी हे वाचा



समजा, इनामगावात तुमचं कृषी सेवा केंद्र आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. नवीन लॅपटॉपला पैसे घालायचे नव्हते, म्हणून जुन्यावरच उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून घेतलं. एक रुपया लागला नाही. मग बाहेरची यूएसबी हार्डडिस्क लावली आणि ती उघडेचना! तीन वर्षांची बिलं, उधारीची खतावणी, सगळं तिच्यातच.

अशा वेळी कोणीतरी सांगतं, "फॉरमॅट मारा, चालू होईल." डिस्क चालू होईलही, पण उधारी कोणाकडे किती, ते कोण सांगणार?

म्हणून एकच नियम लक्षात ठेवा : आधी वाचा, मग कॉपी करा, दुरुस्ती शेवटी.

१. वायर आणि पोर्ट बघा
हब काढा, डिस्क थेट लॅपटॉपला लावा. छोटी हार्डडिस्क वीज यूएसबीतूनच घेते. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ पोर्ट ९००. त्यामुळे पोर्ट बदलून बघा, वायर बदलून बघा. तरीही डिस्क टकटक वाजत असेल, तर तिथेच थांबा. सारखी लावून-काढून बघू नका, डेटा रिकव्हरीवाल्याला दाखवा.

२. मशीनला डिस्क दिसते का?
'डिस्क्स' नावाचं अ‍ॅप उघडा. डावीकडच्या यादीत तुमची डिस्क आहे? मग अर्धी काळजी मिटली. टर्मिनलवर बघायचं असेल, तर लहान इंग्रजी अक्षरांत एल-एस-बी-एल-के टाइप करून एंटर दाबा. १ टीबीची डिस्क तिथे ९३१ जीबी दिसेल. घाबरू नका, जागा गेलेली नाही. कंपनी हजाराने मोजते, इथे मोजणी १०२४ ने होते, एवढाच फरक.

३. फॉरमॅट कोणता आहे?
त्याच अ‍ॅपमध्ये लिहिलेलं असतं. एनटीएफएस असो, एक्सफॅट असो की फॅट३२, आजचं लिनक्स तिन्ही वाचतं. एक्सफॅटची सोय लिनक्सच्या गाभ्यात २०१९ पासून आली. त्याआधीची आवृत्ती असेल, तर वेगळं पॅकेज टाकावं लागतं.

४. दिसते, पण उघडत नाही. किंवा उघडते, पण सेव्ह होत नाही
हे बहुतेक वेळा एनटीएफएस डिस्कवर होतं. विंडोजमधून ती नीट 'इजेक्ट' न करता ओढून काढली, किंवा विंडोज 'फास्ट स्टार्टअप'मुळे पूर्ण बंदच झालं नव्हतं. म्हणजे वहीत जमाखर्च अर्धा लिहून ठेवलाय. लिनक्स म्हणतं, मी त्यात खाडाखोड करणार नाही.

उपाय : डिस्क पुन्हा विंडोजच्या कॉम्प्युटरला लावा, शिफ्ट दाबून ठेवत 'शट डाऊन' करा, मग डिस्क काढा. विंडोज मिळतच नसेल, तर 'फक्त वाचण्यासाठी' उघडून आधी सगळ्या फाइल लॅपटॉपवर कॉपी करा. 'एनटीएफएस-फिक्स' ही कमांड त्यानंतरच वापरा.

५. काढताना
'कॉपी झालं' असं दिसलं, तरी काही डेटा अजून डिस्कवर लिहिला जात असतो. फाइल मॅनेजरमध्ये डिस्कच्या नावाशेजारचा बाण दाबा, काढायला हरकत नाही असा संदेश येऊ द्या, मगच वायर ओढा.

आता धंद्याचं बोलू
जीएसटीत नोंदणी असेल, तर हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपणं कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे सहा वर्षं! एवढा भार एकाच डिस्कवर टाकू नका. साठवणीची शिस्त इनामगावला नवी नाही. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान इथे उत्खनन केलं, त्यात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत धान्याचं कोठार सापडलं. पुढच्या हंगामाची सोय तेव्हाही आधीच करून ठेवत होते.

आजचा गृहपाठ : दुसरी डिस्क घ्या. ती रिकामी असतानाच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालेल. दर शनिवारी दुकान बंद करताना तिच्यावर कॉपी घ्या आणि ती दुकानात नाही, घरी ठेवा. महिन्यातून एकदा त्यातलं एखादं जुनं बिल उघडून बघा. उघडलं, तरच बॅकअप झाला म्हणायचं!

भेटू पुढच्या व्हिडिओत.