वाद्यवृंदातील तिसरे व्हायोलिन

'ऑर्केस्ट्रा' हा शब्द आपल्या कानांना नवा नाही. गणेशोत्सवात किंवा जत्रेत 'रात्री ठीक दहा वाजता ऑर्केस्ट्रा' असा फलक लागला की चित्रपटगीतांचा कार्यक्रम आहे हे लहान मुलालाही कळते. मूळ ग्रीक भाषेत मात्र या शब्दाचा वाद्यांशी संबंध नव्हता. ग्रीक नाट्यगृहात वृंदाने नृत्य करावे म्हणून जी मोकळी जागा राखलेली असे, तिला हे नाव होते. पुढे युरोपातील नाट्यगृहांत रंगमंचासमोर वादक बसू लागले आणि जागेचे नाव माणसांना मिळाले. आपण त्याला 'वाद्यवृंद' म्हणतो. प्रस्तुत लेखात पाश्चात्त्य पद्धतीने, स्वरलिपी समोर ठेवून वाजवणाऱ्या वाद्यवृंदाचा विचार केला आहे; आणि तोही नामवंत वादकाच्या नव्हे, तर तेथे प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या नवख्याच्या दृष्टीने.

हा विषय निवडण्यास कारण आहे. गतवर्षी प्रथम वर्षाला असताना मी पणजीतील एका छोट्या तंतुवाद्यवृंदात दाखल झाले. त्यापूर्वी सहा वर्षे मी डिचोलीत गुरुजींकडे हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकत होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा टेम्पो चालवतात, आई शिवणकाम करते. त्यामुळे जेथील रीत आपल्या घरात कोणालाच ठाऊक नाही अशा ठिकाणी जाऊन बसणे, हा अनुभव मला एकाच वर्षात दोनदा आला : एकदा वर्गात आणि एकदा वाद्यवृंदात.

प्रथम बैठकीचा विचार करू. आपल्याकडे व्हायोलिन मांडी घालून वाजवतात. वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकलेले असते, म्हणून डावा हात मोकळा राहतो आणि मींड घेणे सोपे जाते. वाद्यवृंदात खुर्चीच्या पुढच्या कडेवर ताठ बसायचे आणि वाद्य खांदा व हनुवटी यांत धरायचे. आमच्या गुरुजींकडे तारा प-सा-प-सा अशा लावल्या जात. येथे त्या जी, डी, ए, ई अशा लावतात. या चार तारांपैकी प्रत्येक तार आधीच्या तारेचा पंचम असते. म्हणजे नावे परकी वाटली तरी नाते आपल्या ओळखीचे, षड्ज-पंचमाचेच आहे.

दुसरा फरक याहून खोल आहे. आपल्या संगीतात षड्ज ज्याचा त्याचा असतो. कोणी काळी एकमध्ये गातो, कोणी पांढरी चारमध्ये. तानपुरा त्याप्रमाणे लावतात. वाद्यवृंदात सूर कोणा एकाचा नसतो. सेकंदाला ४४० कंपने असलेला 'ए' हा स्वर सर्वमान्य धरला आहे. मोठ्या वाद्यवृंदात हा स्वर ओबो हे फुंकवाद्य देते. आमच्यासारख्या केवळ तंतुवाद्यांच्या वृंदात पहिल्या खुर्चीवरील व्हायोलिनवादक देतो. मग प्रत्येकाने आपली तार त्याला मिळवायची. एकट्याने वाजवताना आपण सुरात असतो किंवा नसतो. येथे आपण इतरांशी जुळतो किंवा जुळत नाही. शेजारच्याचा आवाज ऐकल्याशिवाय आपला स्वर बरोबर आहे की नाही हे सांगता येत नाही. कानाचे हे शिक्षण घरी बसून होत नाही. त्यासाठी माणसांत जाऊन बसावे लागते.

तिसरी गोष्ट गजाची. एका भागातील सर्व व्हायोलिनवादकांचे गज एकाच वेळी खाली आणि एकाच वेळी वर जावे लागतात. त्यासाठी कागदावर चिन्हे असतात. हे केवळ पाहणाऱ्याला सुंदर दिसावे म्हणून नाही. खाली येणाऱ्या गजाला हाताचे वजन सहज मिळते, म्हणून आघाताचा स्वर बहुधा तेथे ठेवतात. निम्म्यांचे गज उलटे गेले तर जोर भलत्या ठिकाणी पडतो आणि वाक्याचा अर्थ बिघडावा तसा चालीचा अर्थ बिघडतो. दोन वादकांत एकच स्टँड असतो. प्रेक्षकांच्या बाजूचा वादक वाजवत राहतो आणि आतल्या बाजूच्याने क्षणभर थांबून पान उलटायचे. हे काम बहुधा नवख्याकडे येते. त्यात कमीपणा नाही. कारण पान उलटणाऱ्याला आपण कोठे आहोत हे ठाऊक असावेच लागते.

आणि चौथी गोष्ट मौनाची. स्वरांना जशी चिन्हे असतात तशी न वाजवण्यालाही असतात. चार मात्रांचा एक खंड धरला तर 'एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार' असे मोजतात. पहिला आकडा खंड सांगतो, बाकीचे मात्रा. माझ्या स्टँडवर शेजारी बसणाऱ्या आंटी निवृत्त शिक्षिका आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी मला कोंकणीत एकच शब्द सांगितला, 'मेज', म्हणजे मोज. लांबलचक उपदेशापेक्षा त्या शब्दाचा मला अधिक उपयोग झाला.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. आम्हांला सरांनी प्रथम दिली ती योहान पाखेल्बेल (१६५३-१७०६) या जर्मन संगीतकाराची 'कॅनन' ही रचना. मूळ रचना तीन व्हायोलिने आणि एक खर्जाचा भाग यांसाठी आहे. तिची रचना समजावून घेण्यास पाश्चात्त्य शास्त्राचे फारसे ज्ञान लागत नाही. ती डी या स्वरावर आधारलेली आहे. डीला षड्ज मानले तर खर्जाचा भाग असा होतो : सा प ध ग म सा म प. आठ स्वर, आठ मात्रा. चेलोवादक हेच आठ स्वर प्रारंभापासून अखेरपर्यंत २८ वेळा वाजवतात, दुसरे काहीही नाही. आपल्याकडे एकल तबलावादनात सारंगी लेहरा धरते, तसेच हे काम आहे.

या लेहऱ्यावर पहिले व्हायोलिन ग रे सा नि ध प ध नि अशी उतरती आणि शेवटी किंचित वळणारी चाल सुरू करते. आठ मात्रांनी दुसरे व्हायोलिन तीच चाल धरते. आणखी आठ मात्रांनी तिसरे. तोपर्यंत पहिले व्हायोलिन पुढच्या चालीवर गेलेले असते. अशा रीतीने एकच सुरावट स्वतःच्याच पाठोपाठ चालत राहते आणि तिच्या तीन वयांच्या मिश्रणातून संवाद निर्माण होतो. रचनाकाराचे कौशल्य असे की कोणतेही वय कोणत्याही वयाशी बेसूर होत नाही, कारण सर्वांच्या खाली तेच आठ स्वर आहेत.

मला देण्यात आले ते तिसरे व्हायोलिन. 'तिसरे' हा शब्द ऐकून प्रथम मन खट्टू झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परीक्षेत तिसरा वर्ग म्हणजे काय हे आपण सर्वजण जाणतो. पण कागद समोर ठेवून हिशेब केला तेव्हा वेगळेच चित्र दिसले. तिसऱ्या व्हायोलिनला आरंभी २४ मात्रा गप्प बसावे लागते, म्हणजे त्रितालाचे दीड आवर्तन. त्यानंतर ते जे वाजवते ते पहिल्या व्हायोलिनने वाजवलेलेच असते. स्वर तेच, अवघड जागा त्याच, द्रुत गतीचे तुकडे तेच. फरक केवळ १६ मात्रांचा, त्रितालाच्या एका पूर्ण आवर्तनाचा. तिसऱ्याचा भाग हलका नाही, सोपाही नाही. तो फक्त उशिरा सुरू होतो.

घरी मात्र हे पटवणे सोपे नव्हते. डिसेंबरातील कार्यक्रमाला बाबा आले होते. परतताना बसमध्ये त्यांनी विचारले, "छान झालं, पण यात तुझं कुठलं होतं ते काही कळलं नाही." प्रश्न रास्त होता. ज्या घराने मुलीच्या शिकण्यासाठी पोटाला चिमटा घेतला, त्या घराला तिचे नाव, तिचा नंबर, तिचा आवाज वेगळा ऐकू यावा असे वाटणारच. मी त्यांना खर्जाचे आठ स्वर गुणगुणून दाखवले आणि तीन व्हायोलिने कशी एकामागून एक येतात ते हाताच्या बोटांवर सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तू थांबली नसतीस तर सगळंच फिसकटलं असतं." वाद्यवृंदाचे याहून चांगले स्पष्टीकरण मी अद्याप वाचलेले नाही.

नवख्यांचा वृंद ही कल्पना आपल्या देशातही जुनी आहे. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८च्या सुमारास मैहर संस्थानात साथीच्या रोगाने पोरक्या झालेल्या मुलांना गोळा करून 'मैहर बँड' उभा केला. या मुलांच्या मागे घराण्याची पुण्याई नव्हती. बंदुकांच्या नळ्यांपासून खाँसाहेबांनी 'नलतरंग' हे वाद्यही या वृंदासाठी घडवले. आकाशवाणीचा 'वाद्यवृंद' १९५२मध्ये सुरू झाला. आमच्या गोमंतकात तर पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून गावोगावची मुले स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकत. त्यांतील कित्येकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंद तोलून धरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे त्यांपैकीच. १९५८मध्ये मुंबईत त्यांनी भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचा मेळ घालणारा मोठा वाद्यवृंद सादर केला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'तील प्रसिद्ध गाण्यात गुरूचे नाव आले ते त्यांच्यामुळेच. पडद्यावर ते नाव सर्वांनी ऐकले. मागे बसून व्हायोलिन वाजवणाऱ्या शेकडो गोमंतकीयांची नावे मात्र श्रेयनामावलीतही आली नाहीत.

आपल्या महाविद्यालयातही असा छोटा वृंद का असू नये? स्नेहसंमेलनात प्रत्येकजण एकेकटा येऊन आपली कला दाखवून जातो. भजनात पेटी वाजवणारे, बासरी शिकणारे, तबल्याचे हात तयार असलेले विद्यार्थी आपल्यात आहेत. ओबो नको, मोठे सभागृहही नको. एक सूर ठरवावा, आठ स्वरांचा एक लेहरा धरावा आणि आठवड्यातून एक तास एकत्र बसावे, एवढ्याने आरंभ होईल. विशेषतः ज्यांच्या घरातून महाविद्यालयात येणारे ते पहिलेच आहेत अशा माझ्या मित्रमैत्रिणींना मला सांगावेसे वाटते की, इतरांची चाल आपल्या आधी सुरू झालेली ऐकून दबून जाण्याचे कारण नाही. त्या वेळात लय मोजत राहावे. आपली जागा आली की गज पूर्ण लांबीने ओढावा.