जादूगाराचा भूतकाळ किती मोठा हवा?

प्रश्न : आम्ही मित्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला सुरुवात करतोय. माझं पात्र विझार्ड. त्याने एकट्याने ड्रॅगन मारून राज्य वाचवलं, अशी आठ पानांची पूर्वकथा लिहिली. पण खेळ चालवणारा मित्र ती बदलायला सांगतो. माझं काय चुकलं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमची कल्पनाशक्ती चुकलेली नाही, पराक्रम तेवढा आधीच उरकलात. पहिल्या पातळीचा विझार्ड नवशिका असतो. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत त्याच्या मंत्रवहीत सुरुवातीला ६ मंत्र असतात आणि दोन-तीन घावांत तो आडवा होतो. ड्रॅगन खेळताना मारायचा आहे.

जादू आली कुठून, इथून सुरुवात करा. खेळातल्या इतर जादूगारांपैकी सॉर्सररच्या ती अंगातच असते, वॉरलॉक एखाद्या शक्तीशी करार करून मिळवतो. विझार्ड मात्र अभ्यास करून शिकतो. मग त्याला शिकवलं कुणी? पैसे कुठून आणले? वही स्वतःची, की गुरूंना न विचारता उचललेली? मला ही शेवटची शक्यता फार आवडते. गुरू शोधत येतील आणि तुमच्या मित्राला आयता प्रसंग मिळेल.

एक पान पुरे. सगळं कुटुंब मारून टाकू नका; जिवंत बहीण कथेला जास्त उपयोगी पडते. मित्राच्या जगात जादूला मान आहे की बंदी, तेही आधी विचारून घ्या. ती आठ पानं मात्र जपून ठेवा. त्यातला ड्रॅगन तुमच्या पात्राचं स्वप्न होऊ शकतो.