होडी शाकारण्याआधी गटाची वही उघडा



१ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ, शिवाय दर्या खवळलेला. पेणला धरमतर खाडीकाठी, रोह्याला कुंडलिकेकाठी होड्या वर ओढून शाकारतात. हे पुरुषांचं काम, असं आपण म्हणतो. पण होडीसाठी गटातून काढलेलं कर्ज आपल्या नावावर असतं, आणि हप्ता काही दोन महिने थांबत नाही. म्हणून होडीची ही कामं आपल्यालाही माहीत हवीत.

१. ओढणं : अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला होडी जास्त वर आणता येते. पावसाळ्यातलं उधाण जिथवर येतं, त्याच्याही वर ठेवा. खाली ओंडके, दोन्ही बाजूंना टेकू द्या. दोराने बांधा.

२. धुणं : तळाच्या शिंपल्या, शेवाळ ओलं असतानाच खरवडा. गोड्या पाण्याने धुऊन वाळवा. मग फटी, कुजलेली फळी, सैल खिळे आपोआप दिसतात.

३. इंजिन : आतलं खारं पाणी काढून गोडं पाणी फिरवा, ऑइल बदला. बॅटरी काढून घरी ठेवा.

४. झाकणं : तळाला बूच असेल तर काढा, पावसाचं पाणी वाहून जाईल. बूच जपून ठेवा! झावळ्या किंवा ताडपत्री उतरती बांधा, पण टोकांना हवा खेळू द्या. गच्च झाकलेलं लाकूड कुजतं.

५. जाळी : धुवा, सुकवा, उंदरांपासून उंच टांगा.

आता वहीचं काम

होडी धुतली त्याच दिवशी दुरुस्तीची यादी करा, खर्च लिहा आणि जूनच्या बैठकीत मांडा. जुलैअखेर घाईत व्यापाऱ्याकडून उचल घेतली, की मासळी त्यालाच द्यावी लागते आणि भावही तोच ठरवतो. गटातून कर्ज घेतलं तर व्याज गटातच राहतं, आणि मासळी कुणाला द्यायची ते आपण ठरवतो.

बैठकीत बोला

- बंदीच्या दोन महिन्यांचा हप्ता कोण कुठून भरणार?
- कुणाच्या होडीला किती खर्च आहे? आधी कुणाला द्यायचं?
- नोंदणी, परवाना, विम्याचे कागद कुठे आहेत? मुदत कधी संपते?

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहताना होडी तयार हवी, आणि मासळी कुणाच्या उचलीत अडकलेली नको.